पैनगंगेकाठी राहिलेलं रडणं

१२ जून २०२५

पाटी बसली एकदाची. तांड्याच्या वेशीवर, काळ्या ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांची. मुकुटबनचं माझं सेतू केंद्र बंद करून येत होते तर वेशीवर ही गर्दी — हार, नारळ, पेढे, डीजे. स्कूटी बाजूला लावली आणि वाचली.

‘सन १९५८ साली पैनगंगा ओलांडून, एकाही जिवाला धक्का न लागू देता हा तांडा येथे वसवणारे कै. धावजी नायक यांच्या पावन स्मृतीस.’

खाली ‘सौजन्य : खेमसिंग नायक’. नातवाची अक्षरं आजोबापेक्षा मोठी!

एकाही जिवाला. पुन्हा वाचली, तेच होतं. खेमसिंगकाकांनी पेढा पुढे केला. घेतला आणि घरी येऊन कोंबड्यांना टाकला.

दादीनं विचारलं, “काय लिवलं वो पाटीवर?” म्हटलं, नाव आहे नुसतं. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला काय सांगू?

१३ जून

एकाही जिवाला. दिवसभर लोकांचे फॉर्म भरत होते आणि बोटं हेच टाइप करायला बघत होती.

१५ जून

दादीची गोष्ट लिहून ठेवते. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे, पण कागदावर कुठेच नाही. आणि आता दगडावर भलतीच आली आहे.

दादी सांगते ती अशी — “अकरा घरं, तीस बैलं. तिकडं आदिलाबादकडं मुकादमाचं काम अर्ध्यात टाकून निंगालो होतो आमी. त्याचे मानसं मागं होते. नदीचं पानी उतरलं होतं, छातीएवढं. जमनीले तीन दिवसाचा ताप. अडीच वर्साची होती माही जमनी, बैलाच्या घुंगरावर नाचे. तुहा दादा बैलाले धरून पुढं, मी तिले डोक्यावर घेऊन मागं. मधात आली तं तिचं अंग हलकं लागे. काठाले उतरवून पाह्यते तं पोरगी गेलती.”

इथे दादी नेहमी थांबते. मग म्हणते, “म्या तोंड उघडलं रडाले, अन् धावजीनं तोंडावर हात ठेवला. तंबाखूचा वास होता हाताले. ‘रो मत,’ म्हने, ‘रो मत, धनी. मुकादमाचे मानसं ऐकतीन.’ वाळूत खड्डा केला अन् निंगालो.”

आमच्यात बाई एकटी रडत नाही. घरात माणूस गेलं की दुसरी बाई येते, गळ्यात गळा घालते आणि दोघी सुरात रडतात — गेलेल्याचं सगळं आयुष्य सांगत. काय खायचा, कुणावर चिडायचा, कोणती गोष्ट राहून गेली. ते झालं की माणूस खरं गेलं. उद्या माझ्या धाकट्या भावाच्या, ओमच्या, पोरांना हे कळणार नाही म्हणून लिहिते आहे.

जमनीचं कुणी रडलं नाही. त्यानंतर दादीही कधीच रडली नाही. दादा, म्हणजे माझा आजा रूपसिंग, गेला तेव्हा नाही. चार वर्षांपूर्वी बा गेला — तिच्या पोटचा! — तेव्हाही तोंडावर ओढणी दाबून बसली. लोक म्हणाले, बुढीचं काळीज दगडाचं आहे. मी विचारलं तर म्हणाली, “माहं रडनं धावजीपाशी हाय. त्यानं वापस देल्लं नाही.”

लहानपणी मी म्हणायचे, मी आणते, दादी. ती हसायची. मी हसत नव्हते.

१८ जून

गेले खेमसिंगकाकांकडे. नीट बोलायचं ठरवून गेले होते, देवाशपथ. म्हटलं, काका, पाटीवरची एक ओळ तेवढी काढा. जमनी गेली होती नदीत. साल पण चुकलंय, दादी चौसष्ट म्हणते — नेहरू गेले ते साल.

खाटेवर बसून दात कोरत होते. म्हणाले, “त्या वक्ती कोनाच्या घरी लेकरं मरत नव्हते? एका लेकरापायी ग्रॅनाइट फोडू काय?”

मी म्हटलं, तिचं नाव होतं.

“तुह्या दादीले इच्यारून पाह्य, पोट्टी होती का पोट्टा. बुढ्या मानसाच्या गोष्टी त्या. गोष्टीनं तांडा वसत नाही, राखी.”

उठून आले. पायरीवर माझी चप्पल उलटी पडली होती, ती न घालताच हातात घेऊन निघाले. बारशाला, लग्नाला, सेवालाल महाराजांच्या भोगाला — सगळीकडे पहिला मान या घराचा. आमची दादी मात्र मागे, तोंडावर ओढणी. साठ वर्षं!

याडी, माझी आई, म्हणते, जाऊ दे. याडीचं सगळं आयुष्य ‘जाऊ दे’ मध्ये गेलं.

२२ जून

देव कधी कधी घरपोच देतो.

प्रेम आला केंद्रावर. खेमसिंगकाकांचा धाकटा, आमच्या ओमच्या वर्गातला. इंजिनिअरिंगला जायचं आहे, जात पडताळणीचा फॉर्म भरायचा होता. “ताई, पाह्य ना, काही राह्यलं तं नाही?”

तांड्यातल्या सगळ्यांचे हे फॉर्म मीच भरते. नियम मला झोपेतही सांगता येतो. विमुक्त जातीचा दाखला इथला हवा तर घराणं एकसष्टच्या आधीपासून महाराष्ट्रात राहणारं पाहिजे. नंतर बाहेरून आलेल्याला इथली सवलत नाही.

प्रेमच्या वंशावळीत पणजोबा धावजी, वास्तव्य १९५८ पासून. पाटीचा फोटोही जोडला होता, पुरावा म्हणून.

मी त्याचा फॉर्म एकही चूक न करता भरला. उद्या कुणी म्हणायला नको. प्रिंट काढली, शिक्का मारला, वर चहा पाजला.

२३ जून

चौसष्ट. अठ्ठावन्न नाही, चौसष्ट.

दुपारी दादीजवळ बसले. मोबाइल ओढणीखाली ठेवला. म्हटलं, दादी, जमनीची गोष्ट सांग ना. तिला बरं वाटलं. हल्ली कुणी मागत नाही. सगळं सांगितलं — नेहरूंची बातमी, छातीएवढं पाणी, तंबाखूचा वास, हात. बावीस मिनिटं. कशासाठी ते नाही सांगितलं.

जात पडताळणी समितीला अर्ज लिहिला. ‘सदर कुटुंब १९६४ साली परराज्यातून आले असून पाटीवरील मजकूर खोटा आहे. प्रत्यक्ष साक्षीदाराचे ध्वनिमुद्रण सोबत.’ खाली माझं नाव, गाव, मोबाइल नंबर. निनावी पाठवायला मी काय चोर आहे?

एकदा मनात आलं, त्याच अकरा घरांत आपलंही घर होतं की. पण माझं प्रमाणपत्र कधीच झालेलं आहे, बानं २०१६ मध्ये काढून ठेवलं. झालेलं प्रमाणपत्र कोण उकरतं? ओमचं माझ्यावर बसतं, सख्ख्या बहिणीचं असलं की झालं. त्याचा अर्ज मेमध्येच टाकला आहे.

२४ जून

यवतमाळला जाऊन स्वतः देऊन आले. पोच घेतली. येताना कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं. काय मागितलं ते इथेही लिहीत नाही. दादीसाठी पेढे आणले. हे पेढे मी पण खाल्ले.

१ जुलै

काही नाही. पाटीसमोरून रोज जाते. रोज वाचते.

७ जुलै

नेम लागला! प्रेमची फाईल चौकशीला गेली. खेमसिंगकाका दोनदा यवतमाळला जाऊन आले, चेहरा पडलेला. दुकानात कुणीतरी म्हणालं, नायकाच्या घरावर कुणीतरी डाव धरला. मी तेल घेत होते. म्हटलं, कोण असेल हो?

खोटं का लिहू, मला फार गोड झोप लागली. प्रेमचा चेहरा आठवला मधेच एकदा. मग जमनीचा आठवायचा प्रयत्न केला. तो आठवत नाही, कारण मी तो पाहिलेला नाही. कुणीच फोटो काढला नव्हता.

११ जुलै

ओमला पशुवैद्यकला जायचं आहे. दादी सगळ्यांना सांगत फिरते, “माहा ओम बैलाचा डाक्टर होनार हाय.” त्याच्या अर्जात त्रुटी निघाली — माझ्या प्रकरणाची मूळ कागदपत्रं जोडा. म्हणून बाची ट्रंक काढली. नऊ वर्षांत ती फाईल मी उघडली नव्हती. लोकांच्या दोन हजार फायली बघितल्या असतील, आपली नाही.

पहिलाच कागद. स्टॅम्प पेपर, पिवळा पडलेला, १९८९ चा. खाली निळा अंगठा.

‘मी धावजी, तांड्याचा नायक, जबाब लिहून देतो की, रूपसिंग हा सन १९५८ पासून माझ्या तांड्यात राहतो. कुटुंबात पत्नी धनीबाई व मुलगी जमनी. पैकी जमनी ही येथे आल्यावर तापाने मयत.’

पुन्हा वाचला. आमचा सगळा पुरावा म्हणजे हा एक अंगठा! आम्ही फिरते लोक, कुणाकडे दाखला नाही, सातबारा नाही. नायक सांगेल ते तांड्याचं साल. त्यानं अकरा घरांसाठी अकरा जबाब दिले असणार. तो चौसष्टला आला असेल तर आम्ही काय अठ्ठावन्नला उडत आलो?

आणि जमनी. आमच्या घरात तिच्या नावाचा एकही कागद नाही. रेशनकार्डावर नाही, बाच्या वंशावळीत नाही. तिचं नाव लिहून ठेवलं तर कुणी — त्यानं! तिथेही खोटंच. पण नाव बरोबर होतं. पोट्टी का पोट्टा, ते त्याला आठवत होतं.

१२ जुलै

यवतमाळ. अर्ज मागे घ्यायला गेले. तिथला कारकून चांगला माणूस होता, म्हणाला, “मॅडम, अर्ज मागे घेता येते. आवाज मागे घेता येत नाही. तो फाईलले लागला.”

नोटीस हातात दिली. धावजीच्या जबाबावर जेवढी प्रकरणं झाली तेवढी सगळी पुन्हा तपासणार. माझं पहिलं. ओमचं थांबवलं. १७ तारखेला चौकशीवाले तांड्यावर येणार, साक्षीदार धनीबाई रूपसिंग.

एसटीत माझ्याशेजारी कोण बसलं होतं ते आठवत नाही. घरी ओम म्हणाला, “काय झालं, ताई?” म्हटलं, सर्व्हर डाउन आहे.

१४ जुलै

खेमसिंगकाका आले. नोटिशीसोबत माझ्या अर्जाची प्रत त्यांनाही मिळाली होती. मला वाटलं आता शिव्या देतील. मी त्याची वाटच बघत होते, म्हणजे मलाही देता आल्या असत्या.

खाली जमिनीवर बसले. म्हणाले, “पाटी फोडतो मी. माही जीभ झडली असती त्या दिवशी तं बरं झालं असतं. पन पोरायचं काय करायचं, राखी? प्रेम जेवून नाही राह्यला.”

ओम दारातच उभा होता. त्याला तेव्हा कळलं. माझ्याकडे त्यानं असं बघितलं की शिवी परवडली असती.

मी अजूनही म्हणते, पाटी खोटी आहे. अजूनही म्हणते, त्यानं तोंड दाबलं. माझा राग खरा होता! पण तो मी कुणाच्या अंगावर सोडला?

१६ जुलै

दादीला सांगितलं. आधी एकटीनं सांगायचा धीर झाला नाही, याडीला बसवलं शेजारी. पाटीवर काय लिहिलंय तेही सांगितलं. नियम सांगितला, साल सांगितलं, ओमचं सांगितलं.

ती हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. मग म्हणाली, “टेपात माहा आवाज हाय?”

हो.

“समदं?”

सगळं.

“म्या त्यात रडली का?”

नाही, दादी.

“हं,” म्हणाली. आणि ओमला जेवायला वाढ म्हणाली.

१७ जुलै

चौकशीवाले साहेब अकराला आले. मंदिरापुढच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. सगळा तांडा जमला. दादी मधे, ओढणी डोक्यावर. साहेबांनी मोबाइल खुर्चीवर ठेवून टेप लावली.

बावीस मिनिटं. तिचाच आवाज, तिच्यासमोर. ‘तंबाखूचा वास होता हाताले’ — तिथे खेमसिंगकाकांनी मान खाली घातली. मीही.

साहेब म्हणाले, “आजी, हा आवाज तुमचा?”

“माहाच.”

“मग हे खरं?”

“गोष्ट हाय ते, सायब. नातवायले निजवाले सांगतो आमी म्हातारे. गोष्टीत नदी नसली तं पोट्टे निजत नाही.”

कुणीतरी हसलं. साहेब नाही हसले. “जमनी नावाची मुलगी होती की नव्हती?”

मला वाटलं, आता ती नाही म्हणणार. मी डोळे मिटून घेतले.

“होती ना. माही जमनी. इथंच गेली, आल्यावर. अठ्ठावनच्या साली. त्या मोहाच्या झाडाखाली हाय ते.”

“आणि धावजी नायकानं तोंड दाबलं, रडू दिलं नाही?”

“कायले दाबन?” दादीनं ओढणी मागे सारली. इतक्या माणसांत तिचं तोंड मी पहिल्यांदा उघडं बघितलं. “रडली ना मी. लय रडली. धावजीची बायको पह्यले आली, तिनं गळ्यात गळा घातला. मंग समद्या आल्या. म्या सांगतलं, माही जमनी घुंगरावर नाचे, गुळाचा खडा गालात लपवून ठेये, बैलाचं शेपूट धरून चाले. त्याह्यनं बी सांगतलं. सांज झाली रडता रडता. धावजी दूर बसला होता, तोबी पागोट्यानं डोळे पुसे. मंग त्यानंच पानी पाजलं मले. म्हने, ‘रो, धनी. रो पोटभर.’”

सूर लागला होता तिचा. रडण्याचा नाही, सांगण्याचा. पण तोच.

साहेबांनी लिहिणं थांबवलं होतं. मग बाकीच्या म्हाताऱ्यांना विचारलं, हे खरं का? तेव्हाची चारच माणसं उरली आहेत. एक आजा म्हणाला, “हाव सायब. लय रडलो आमी.” दुसरी म्हणाली, “म्या तिचे केस बांधले.” कुणालाही कुणी पढवलं नव्हतं.

सही म्हणून दादीचा अंगठा घेतला. निळा.

ते गेल्यावर मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, दादी, मी तुझं रडणं आणायला गेले होते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. धावजीनं तिचं तोंड एकदा दाबलं. दुसऱ्यांदा मी दाबलं. आणि माझ्या हाताला तंबाखूचाही वास नव्हता, म्हणून तिला ओळखता आलं नाही आधी.

३० जुलै

दादी आता गोष्ट सांगत नाही. परवा शेजारच्या पोरांनी मागितली, तर म्हणाली, “कोनती नदी?”

मोबाइलमधली टेप मी पुसली. पुसण्याआधी शेवटची ऐकावी म्हटलं, तर नाही ऐकवली.

२१ ऑगस्ट

दोन्ही पोरांची प्रमाणपत्रं आली. संध्याकाळी खेमसिंगकाका छिन्नी-हातोडी घेऊन वेशीवर गेले. ती ओळ फोडायला. पहिला घाव घालणार तोच दादी काठी टेकत आली, त्यांचा हात धरला — “राहू दे रे, खेम्या. आता तेच खरं हाय.”